दादल्याच्या गोळ्या

"त्याच्या पन मीच खाल्ल्या, बाय. फुकट कशाला घालवायच्या?"

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर एक काम उरकल्याचा निवांतपणा होता. रोह्याच्या अलीकडे कुंडलिकेच्या काठानं आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला तिची कातकरवाडी. वाडीचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. पाऊस सरला होता, खालच्या खाचरांतली भातं कापणीला आली होती आणि तिच्या घराच्या कारवीच्या कुडाला नुकतंच शेणमातीनं लिंपलेलं होतं, त्याचा ओला वास दारातच यायचा. आदल्या आठवड्यात ती आमच्या ग्रामीण रुग्णालयात कंबर दुखते म्हणून आली होती. मी तेव्हा तिथं समुपदेशक होते. डॉक्टरबाईंनी तपासलं, गर्भपिशवीच्या तोंडाशी सूज आणि पू दिसला, आणि त्यांनी लैंगिक आजारावरच्या गोळ्यांचं राखाडी पाकीट लिहिलं. एक तिला, एक तिच्या नवऱ्याला. तिचं पाकीट सिस्टरनं तिथंच फोडून समोर घ्यायला लावलं, तशी पद्धतच आहे. नवऱ्याचं पाकीट तिच्या पदराच्या गाठीत गेलं. घरी नवरा म्हणाला, मला काय धाड भरलीय? पाकीट कोनाड्यात पडून राहिलं. दोन दिवस तिनं ते तिथं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी न्याहारीनंतर स्वतःच घेऊन टाकलं. दिवसभर उलट्या झाल्या. पण त्यात सगळं धुऊन निघालं असणार, असा तिचा हिशेब.

परतताना जीपमध्ये सिस्टर आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. सिस्टर म्हणाली, नवऱ्याची दारूपण आता तीच पिऊन टाकेल, म्हणजे तोही सुटेल. घरी येऊन भात कालवायला बसले तेव्हा ते हसू कुठल्या कुठे गेलं. त्याच्या वाटच्या गोळ्या आपण घेतल्यानं तो बरा होत नाही, हे तिला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. वीटभट्टीच्या मुकादमाचा सगळ्या सीझनचा हिशेब तोंडी करून त्याच्या वहीतली चूक त्यालाच दाखवणारी बाई ती. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. आम्ही तरी दुसरं काय केलं होतं? एका माणसाचा उपचार दुसऱ्या माणसाच्या पदराला बांधून दिला आणि रजिस्टरमध्ये 'जोडीदारास औषध दिले' या रकान्यात बरोबरची खूण केली.

या कामात पडलं की पहिल्यांदा कळतं ते हे, की कुणीच खरी तक्रार घेऊन येत नाही. बाई येते ती कंबर घेऊन. कंबर दुखते, हातापायाला मुंग्या येतात, अशक्त वाटतं, अंगात कणकण आहे. मग तुम्ही गप्प बसायचं. स्टूल जरा जवळ ओढायचं, बरोबर आलेल्या सासूला केसपेपर काढायच्या रांगेत पाठवायचं. मग जमिनीकडे बघत, पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत ती म्हणते, अंगावरून जातं. पांढरं की लाल? पांढरं. वास येतो? मान हलते. खाज? मान हलते. किती दिवस? आणि इथं आकडा येतो तो दिवसांचा नसतो, पोरांचा असतो. मधल्या पोराच्या वेळेपासून. पुरुषांचं वेगळं. त्यांना लघवीला जळजळ होते, ती 'उष्णतेनं' होते, आणि त्यावर त्यांनी आधी चार ठिकाणी इलाज केलेला असतो. बाजारातल्या मेडिकलमधून मिळालेल्या कसल्याशा कॅप्सूल, बंगाली डॉक्टरची सुई, भगताचा अंगारा. रेल्वेच्या कडेच्या भिंती तर तुम्हीही पाहिल्या आहेत. चुन्यावर निळ्या अक्षरात 'गुप्तरोग', खाली लॉजचं नाव आणि महिन्याचा कितवा रविवार. तो लॉजवरचा वैद्य निदान एक गोष्ट बरोबर करतो. तो माणसाला नाव विचारत नाही.

मला अलिबागेकडचं आमचं जुनं घर आठवतं. मागच्या पडवीत थोरली काकी रोज सकाळी काशाच्या वाटीतून तांदळाचं धुवण प्यायची. जिऱ्याची पूड घातलेलं, पांढुरकं, कोमट. मला वाटायचं तिचा कसला तरी नेम आहे, कारण ती ते उभ्यानं, कुणाशी न बोलता प्यायची आणि वाटी स्वतः घासून पालथी घालायची. तिचं अंथरूण, तिची लुगडी कायम वेगळी वाळायची, विहिरीपलीकडच्या कुंपणावर, जिथं ऊन उशिरा यायचं. थोरले काका लालबागला गिरणीत. दहा-बारा जणांच्या गाळ्यात राहायचे, गणपतीला आणि शिमग्याला घरी. ते यायचे तेव्हा बॅटरीच्या सेलपासून हलव्यापर्यंत सगळं आणायचे, आम्हां पोरांना ते म्हणजे मुंबईच वाटायची. काकीला मूल झालं नाही. वांझ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्याबद्दल, हळदीकुंकवाच्या दिवशी, माजघरात. काकांना कुणी कधी कुठल्या डॉक्टरकडे नेलं नाही. न्यायचा विचारही कुणाच्या डोक्यात आला नसेल. पुढं प्रशिक्षणाला बसले तेव्हा बाईंनी फळ्यावर गर्भनलिका काढल्या आणि सांगितलं, परमा, म्हणजे गोनोरिया, किंवा क्लॅमिडिया हा दुसरा लैंगिक आजार उपचाराविना राहिला की सूज इथपर्यंत चढते, नळ्या चिकटतात, मग दिवस राहत नाहीत. मी वहीत उतरवून घेत होते आणि नाकाशी त्या जिरं घातलेल्या धुवणाचा वास येत होता. काकीला नेमकं काय होतं ते कळायची आता सोय नाही. साधी बुरशीही असेल.

गावात आजही कुणी सहज बोलून जातं, हे रोग त्या लोकांत असायचेच, वाडीवरचं राहणीमानच तसं. असं म्हणणाऱ्यांच्या घरात वर दोन पिढ्या चाकरमानी होते, हे मी कधी तोंडावर म्हटलेलं नाही. कधीतरी म्हणावंसं वाटतं.

कुंडलिका त्या वाडीखालून वाहत पुढं रेवदंड्याला समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा किल्ला, अलीकडे पोर्तुगीजांच्या चौलाची पडकी तटबंदी, आत नारळीपोफळीच्या वाड्या. सुट्टीच्या दिवशी त्या तटावरून फिरताना माझ्या मनात नको तो विषय येतोच. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्रानं एक नवा रोग लिहून ठेवलाय, जुन्या संहितांत नसलेला. तो फिरंग्यांच्या संगानं होतो म्हणून त्याचं नाव फिरंग रोग, म्हणजे आपली गरमी, सिफिलिस, आणि त्यावर उपाय चोपचिनीची मुळी आणि पाऱ्याचा रसकर्पूर. आपण फिरंग्यांवर टाकला. युरोपात फ्रेंचांनी इटलीवर टाकला, इटालियनांनी फ्रेंचांवर. पुढं इंग्रजांचं राज्य आलं तेव्हा त्यांच्या शिपायांना हा रोग फार व्हायला लागला. मग १८६८ साली कायदा झाला, आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आजारी निघाली तर लॉक हॉस्पिटलात, म्हणजे याच रोगांच्या बंदिस्त दवाखान्यात, कोंडणं सुरू झालं. शिपायाच्या तपासणीचं त्या कायद्यात एक कलम नाही. इथं आणि विलायतेत ओरड झाली, १८८८ मध्ये तो रद्द झाला. कायदा गेला, पण तपासायचं म्हटलं की बाईलाच बोलवायचं, ही सवय सरकारदरबारी राहिली असावी असं मला वाटतं. आमच्याकडचं रजिस्टर उघडून बघा. बाई गरोदर राहिली की ती यंत्रणेच्या हाती सापडते. वजन, रक्त, लघवी, धनुर्वाताची सुई, आणि त्याच रक्तात एचआयव्ही आणि गरमी. नवरा कशासाठी सापडणार? त्याला दिवस जात नाहीत.

म्हणून तपासणी बाईची होते, आणि जिची तपासणी होते तिचाच रोग ठरतो. वाडीवर आणि वाडीबाहेरही.

पूर्वी गरमीच्या तपासणीसाठी दंडातून रक्त काढून, बाटलीवर नाव लिहून, तालुक्याला पाठवावी लागायची. व्हीडीआरएल या चाचणीचा निकाल परत येईपर्यंत बाई वीटभट्टीवर निघून गेलेली असायची, आणि तो कागद आमच्या टेबलाच्या काचेखाली पिवळा पडत जायचा. आता कार्ड आलंय. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीच्या खळग्यात सोडायचा, वर द्रावणाचे थेंब. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एकाच कार्डावर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही कळतं. वाडीतल्या अंगणात ते कार्ड सुपात ठेवलेलं असतं, कोंबड्यांनी टोच मारू नये म्हणून वर दुसरं सूप आडवं. बाई समोर बसलेली. आधी ओल वर चढताना दिसते, फिकट गुलाबी, मग ती मागे सरते आणि पहिली रेघ येते. ती सगळ्यांनाच येते, कार्ड चालू आहे एवढंच ती सांगते. पण बाईला ते माहीत नसतं. तिचा श्वास तिथंच अडकतो. मी आता कार्ड ठेवायच्या आधीच सांगते, एक रेघ येणार, घाबरायचं नाही. हे आधी सांगायचं असतं, असं प्रशिक्षणाच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

या कार्डाचीही एक खोड आहे. गरमी एकदा होऊन, उपचारानं पूर्ण बरी झाली तरी पुढं आयुष्यभर तिथं रेघ येऊ शकते. आजार आत्ता चालू आहे की जुना, हे बघायला पुन्हा दंडातलं रक्त आणि आरपीआर या दुसऱ्या चाचणीतली पातळी लागते. म्हणजे पहिल्या खेपेला इंजेक्शन घेऊन बरी झालेली बाई दुसऱ्या खेपेला पुन्हा तशीच रेघ बघते. घरी सासू म्हणते, परत कुठून आणलंस?

वाडीवरच्या एका बाईची हकिगत मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तिचं पहिलं बाळंतपण पाचव्या महिन्यातच गेलं. दुसरं पोर आठव्यात, मेलेलंच जन्मलं, अंगाची कातडी सुटलेली. तिसरं जिवंत झालं, नाक सतत वाहणारं, तळहाततळपायाला फोड, आणि महिनाभरात गेलं. भगतानं दर खेपेला कोंबडं घेतलं होतं. आणि दर खेपेला त्याचा मान वाढत गेला, कारण लोकांना दिसत होतं ते असं, की बाधा हळूहळू सैल होतेय. आधी गोळा पडला, मग पुऱ्या अंगाचं पोर झालं, मग रडणारं झालं. आता पुढचं जगणार. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकात याला कासोविट्झचा नियम म्हणतात. उपचार न झालेल्या गरमीचा जोर वर्षांबरोबर उतरत जातो आणि आईची पुढची खेप आधीच्यापेक्षा बरी निघते. भगत काही न करता दर वेळी खरा ठरत होता. गरोदरपणात गरमी तशीच राहिली तर निम्म्याहून अधिक वेळा बाळाचं काही ना काही बरंवाईट होतं, आणि वेळेवर दिलेलं पेनिसिलिन ते टाळतं. चौथ्या खेपेला ती आमच्यापर्यंत आली, इंजेक्शन झालं, मुलगी झाली, ठणठणीत आहे. भगत त्या मुलीच्या बारशाला मानानं बसला होता. सिस्टर मला कोपरानं ढोसत होती. मी म्हटलं, बसू दे, त्यानं बाईला कधी नाव ठेवलं नाही, बाधेला ठेवलं. आमच्या रुग्णालयातल्या काही माणसांबद्दल मला तेवढंही म्हणता आलं नसतं.

पेनिसिलिन. १९४३ मध्ये ते गरमीवर पहिल्यांदा वापरलं गेलं, ऐंशीवर वर्षं झाली, तरी हा जंतू त्याला अजून सरावलेला नाही. एवढं जुनं, एवढं स्वस्त आणि अजून एवढं चोख औषध दुसरं क्वचित असेल. पांढऱ्या पाकिटात ते असतं, बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, सोबत अझिथ्रोमायसिन. पाणी घालून हलवलं की गाईच्या चिकासारखं दाट होतं, जाड सुई लागते, ती मध्येच तुंबते. दोन्ही कुल्ल्यांवर निम्मं निम्मं. टोचून झाल्यावर बाई भिंतीला धरून उभी राहते आणि दोन दिवस लंगडते. त्याहून मोठी भीती सिस्टरच्या हातात असते. रिअॅक्शन आली तर? ती फार क्वचित येते, पण एकदा कुणीतरी कुठेतरी पाहिलेली असते, आणि ती गोष्ट जिल्हाभर फिरते. मग चाचणीची सुई, मग ताटकळणं, मग 'डॉक्टर असतील तेव्हा या'. डॉक्टर असतात तेव्हा व्हायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली, नसते. बरं, गरोदर बाईला दुसरं औषध देऊन भागत नाही, पोटातल्या बाळापर्यंत भरवशानं पोचतं ते हेच. आणि आजार जुना असेल तर अशी तीन इंजेक्शनं, आठवड्याच्या अंतरानं. पहिलं वाडीवर असताना झालं. दुसऱ्याच्या आत दसरा, वीटभट्टीच्या शेठचा ट्रक, आणि बाई भांडीकुंडी, पोरं, कोंबड्यांसकट तीन तालुके पलीकडे.

पाकिटांच्या रंगांबद्दल सांगायचं राहिलं. राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. प्रयोगशाळा नसेल तिथं लक्षणांवरून रंग ठरवायचा आणि त्याच दिवशी औषध द्यायचं, अशी योजना. ज्यानं ती काढली त्याला मी मनातून नमस्कार करते, कारण वाचता न येणारी बाई रंग विसरत नाही. माझं मागच्या वेळी हिरवं होतं, असं ती बरोबर सांगते. पण लक्षणांवर चालायचं म्हटलं तर ज्यांना लक्षणंच नाहीत त्या सुटतात, आणि क्लॅमिडियात बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. उलट पांढरं जाणाऱ्या पुष्कळ जणींना नवऱ्याकडून आलेलं काही नसतंच, योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो किंवा बुरशी असते. दोन्हींतला फरक करायचा तर टेबल हवं, उजेड हवा, आतून बघायचा स्पेक्युलम हवा आणि दाराला पडदा हवा. आमच्याकडे स्पेक्युलम होता. पडद्याच्या तीन कड्या तुटलेल्या होत्या, बाई टेबलावर झोपली की मी त्या बाजूला पाठ करून उभी राहायचे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, की ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्या वेळी आमच्या काकीची वाटी अजून रोज पालथी पडत होती. तपासणी न झालेल्यांत ती धरलेली नाही, पण मी धरते.

ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांत २०११ पासून गरमीची साथ पसरत गेली, तेव्हा त्यांनी २०१८ पासून आदिवासींनी स्वतः चालवलेल्या केंद्रांमधून बोटाच्या रक्तावर चाचणी आणि त्याच भेटीत उपचार, असं सुरू केलं. त्याआधी तिथल्या बारा दुर्गम आरोग्य केंद्रांत परमा आणि क्लॅमिडियासाठी दीड तासात उत्तर देणारं यंत्र ठेवून पाहिलं, आणि आठवड्याच्या आत उपचार मिळणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. ते यंत्र वाचताना मला ओळखीचं वाटलं. जीनएक्स्पर्ट. आपल्याकडे क्षयाच्या थुंकीसाठी तेच वापरतात. यंत्र तेच, आतलं कार्ट्रिज वेगळं. आणि त्यासाठीचा नमुना बाई स्वतः आडोशाला जाऊन कापसाच्या काडीवर घेऊ शकते, तो डॉक्टरनं घेतलेल्याइतकाच चालतो. पडद्याच्या कड्यांचा प्रश्नच मिटला. अर्थात यंत्र असून भागत नाही. तिथं ती केंद्रं त्यांच्याच माणसांची आहेत. आमचं शिबिर म्हणजे बाहेरून आलेली पांढरी गाडी, आणि ती वाडीत शिरली की अर्धे पुरुष खेकड्यांना जातात.

नवऱ्याच्या गोळ्या खाल्लेल्या त्या बाईचा नवराही तिकडेच गेलेला असायचा. त्याला गाठायला मी पुढं पुष्कळ प्रयत्न केले. एकदा तो ओढ्यावर सापडला, पाग झटकत होता. चांगला माणूस, बोलका. म्हणाला, गोळीचं काही नाही ताई, पण गोळीबरोबर तुम्ही सांगणार आठ दिवस बाटली नको, बायकोजवळ जाऊ नको. आणि वाडीत कळणार हा गोळी खातो. बाईनं खाल्ली तर कुणी विचारत नाही, बायका गोळ्या खातातच. त्यानं हे इतकं सरळ सांगितलं की माझ्याकडचं सगळं समुपदेशन संपलं.

नोकरी सुटल्यावर मी अधूनमधून एका संस्थेबरोबर भट्ट्यांवर जाते. पुरुष भेटतात ते तिथं, संध्याकाळी, गारा तुडवून पाय धुतल्यावर. रक्तदाब आणि शुगर सगळ्यांची तपासायची, आणि ज्याला हवं त्यानं ताडपत्रीमागे येऊन दुसरंही विचारावं. शुगरसाठी झुंबड उडते. शुगर हा आता इभ्रतीचा आजार आहे. ताडपत्रीमागे कार्डाविषयी समजावून सांगायचं, विचारायचं, नको म्हणाला तर नको. पेनच्या पुढच्या एका भट्टीवर शेठ खुर्ची टाकून बसला होता. बल्ब त्याच्या मीटरवरचा, खुर्च्या त्याच्या, चहाही त्यानं पाजला. शेवटी म्हणाला, "मॅडम, कुनाला काय निघालं त्याची लिस्ट माझ्याकडं देऊन जा. मी पैसे आगाऊ दिलेत यांना. रोगी मानूस घेऊन मी काय करू?" मी म्हटलं, यादी मिळणार नाही. तो म्हणाला, मग पुढच्या वेळी लाइट मिळणार नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा मी त्याला जमेल तेवढा सांगितला, परवानगीशिवाय चाचणी नाही आणि निकाल तिसऱ्याला नाही. कायद्यापेक्षा त्याला आमच्या डॉक्टरांची उंची जास्त पटली असावी. त्यानं बल्ब विझवला नाही. पण जाताना ड्रायव्हरला जरा मोठ्यानं सांगितलं, यांना उद्यापासून गेटवर विचारल्याशिवाय सोडायचं नाही.

त्या रात्री ताडपत्रीमागे एक पोरगा आला, विशीतला, हातांच्या भेगांत अजून लाल माती. कार्डावर दुसरी रेघ आली तेव्हा त्यानं ती वाकून बघितली, बोटानं दाखवली आणि विचारलं, ही कसली. मी सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेत होता, मग म्हणाला, सुई आत्ता द्या, सकाळी तीनला गाऱ्यावर जायचंय. डॉक्टरांनी दिली. पँट वर ओढता ओढता तो म्हणाला, बायको माहेरी आहे, पोटुशी, सहावा चालू. "तिला पन टोचा. पन माझ्यापासून झालं ते मीच सांगतो तिला. तुमी नका सांगू." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्याच्याकडून सासरवाडीचं नाव घेतलं, त्याचा फोन घेतला, त्याच्याच फोनवरून बायकोला मिस्ड कॉल देऊन तिचा नंबर घेतला. मग तिकडच्या उपकेंद्राच्या सिस्टरला लावला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, मागे मुलांच्या अभ्यासाचा आवाज येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, महिना विचारला, वाडी विचारली. मग म्हणाली, बुधवारी लसीकरण आहे, तेव्हा पाठवा, मी बाजूला घेऊन करते तपासणी. डॉक्टरांना पण थांबवून घेते. पण व्हायल माझ्याकडे नाहीत, तालुक्याहून मागवायला लागतील, त्याला पत्र लागतं. पत्र तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर चालेल का विचारते. सही कुणाची घालू?